घरच्या संगणकावर आधी तालीम : जावासाठी स्थानिक वेब सर्व्हरची उभारणी

(ग्रामीण वाचनालयाच्या सभागृहात शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. मराठी वाङ्मय घेऊन पदवी मिळविलेला आणि प्रसिद्धी खात्यात उमेदीची वर्षे घालविलेला हा गृहस्थ संगणकाच्या सर्व्हरविषयी आपणांस काय सांगणार? शंका रास्त आहे. मी या विषयातील तज्ज्ञ नाही. परंतु एका प्रसंगाने मला हा विषय शिकावयास भाग पाडले, आणि जे एका कलाशाखेच्या माणसाला दोन दुपारींत जमले, ते आपल्या शाळेतील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना निश्चित जमेल, अशा खात्रीने मी आपल्यापुढे उभा आहे.

तो प्रसंग प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने, त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, एका योजनेसाठी संगणकावरून अर्ज स्वीकारण्याची सोय केली. अर्ज मराठीत भरावयाचा होता. लोकांनी मोठ्या हौसेने अर्ज भरले. पुढे यादी छापून फलकावर लागली, तेव्हा कित्येक नावांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे उमटलेली दिसली. एक वृद्ध बाई आपले नाव यादीत आहे की नाही हे विचारावयास आल्या. त्यांना वाचता येत नव्हते, आणि ज्या कारकुनाला वाचता येत होते त्यालाही ते नाव वाचता येईना. त्या बाई कागदपत्रे घेऊन पुन्हा दोन वेळा आल्या. बसचे भाडे, बुडालेली मजुरी आणि ताटकळणे, हे सारे त्यांच्या पदरी आले. मी त्या वेळी प्रसिद्धीच्या कामानिमित्त तेथेच होतो. पुढे चौकशी केली तेव्हा समजले की, चाचणी घेण्यात आली होती. परंतु चाचणी घेणाऱ्याने सर्व नावे रोमन लिपीत टंकित केली होती. एकही नाव देवनागरीत घालून पाहिलेले नव्हते.

गोव्यात आपण नाट्यवेडी माणसे. गावच्या उत्सवात नाटक व्हावयाचे असले म्हणजे महिना दीड महिना आधी कोणाच्या तरी पडवीत तालमी सुरू होतात. संवाद चुकतात, प्रवेश फसतात, कोणी हसतो, कोणी रागावतो. पण ते सर्व पडवीत. उत्सवाच्या रात्री मांडवासमोर गाव बसलेला असतो, तेथे पहिल्यांदा संवाद म्हणून पाहण्याचे धाडस कोणी करीत नाही. संगणकाच्या कामात या पडवीला ‘स्थानिक सर्व्हर’ म्हणतात. ती पडवी कशी उभारावी, हाच आजचा विषय.

सर्व्हर म्हणजे काय

सर्व्हर म्हणजे मागणी येताच माहिती पुरविणारी व्यवस्था. आपण ब्राउझरमध्ये पत्ता लिहितो, ती मागणी दूरच्या एखाद्या संगणकाकडे जाते, आणि तेथे सतत जागा असलेला एक कार्यक्रम ते पान आपल्याकडे धाडतो. पुष्कळांची अशी समजूत असते की, सर्व्हर म्हणजे वातानुकूलित दालनातील एखादे अगडबंब यंत्र. वस्तुस्थिती निराळी आहे. जगातील पहिला वेब सर्व्हर १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरील संगणकावर चालू झाला. कोणी चुकून तो बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली सूचनेची चिठ्ठी चिकटविण्यात आली होती. म्हणजे वेबचा आरंभच मुळी एका माणसाच्या टेबलावर झाला.

आपल्या संगणकावरही हाच कार्यक्रम बसविता येतो. मग मागणी करणाराही तोच संगणक आणि पुरविणाराही तोच. यासाठी प्रत्येक संगणकात एक राखीव पत्ता असतो. अंकांत तो १२७.०.०.१ असा लिहितात, आणि अक्षरांत ‘लोकलहोस्ट’ असे म्हणतात. या पत्त्यावर धाडलेली मागणी संगणकाबाहेर पडतच नाही. साहजिकच इंटरनेटची गरज राहत नाही. जुलै महिन्यात पावसाची झोड उठली आणि तारा तुटल्या की आपल्या खेड्यापाड्यांतील जोडणी किती भरवशाची राहते, हे आपण जाणताच. आवश्यक त्या फाइली एकदा उतरवून घेतल्या म्हणजे त्यानंतर शाळेतील धडा जोडणीवाचून चालू राहतो. ही सोय खेड्यातील शाळेस विशेष मोलाची आहे.

जावा आणि टॉमकॅट

जावा ही संगणकाची भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली आणि ती १९९५ साली लोकांसमोर आली. २०१० साली ती कंपनी ओरॅकलकडे गेली. एकदा लिहिलेला कार्यक्रम निरनिराळ्या जातीच्या संगणकांवर चालावा, हा या भाषेचा मूळ हेतू. बँका, विमा आणि मोठी कार्यालये यांच्या कामात तिचा वापर विपुल आहे. म्हणून आपल्या मुलांनी ती शिकणे हितावह आहे.

जावामध्ये लिहिलेली पाने पुरविण्यासाठी जे सर्व्हर आहेत त्यांत ‘टॉमकॅट’ हा शिकाऊ माणसास सर्वांत सोयीचा. सन कंपनीतील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी त्याचा आरंभ केला, आणि १९९९ साली तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सुपूर्द झाला. टॉमकॅट म्हणजे बोका. आपली काळजी आपण घेणारा प्राणी म्हणून ते नाव त्यांनी निवडले, असे सांगतात. याला मूल्य पडत नाही, परवान्याचे शुल्क नाही, आणि जुन्या बेताच्या संगणकावरही तो समाधानाने राहतो.

स्थापना

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिली पायरी जावाची. कार्यक्रम लिहिणाऱ्याने जावाचा विकाससंच, म्हणजे ‘जेडीके’, बसवावा. ओपनजेडीके या खुल्या प्रकल्पाचे तयार संच विनामूल्य मिळतात. एक्लिप्स संस्थेचा ‘टेम्युरिन’ हा त्यांपैकीच एक. नव्याने आरंभ करणाऱ्याने जावा २१ घ्यावे. संच बसला की तो कोठे आहे हे टॉमकॅटला कळावे म्हणून ‘जावा_होम’ या नावाचा परिसर-चल संगणकाच्या मांडणीत नोंदवावा व त्यात त्या फोल्डरचा मार्ग लिहावा. आरंभी सर्व्हर सुरू न होण्याचे सर्वसाधारण कारण हीच नोंद विसरणे अथवा चुकीची करणे हे असते.

दुसरी पायरी टॉमकॅटची. येथे आवृत्तीचा मेळ पाहणे अगत्याचे आहे. टॉमकॅट ९ ला जावा ८ किंवा पुढचे चालते, १०.१ ला किमान ११ लागते, आणि ११ ला किमान १७. जावा २१ असले की तिन्ही चालतील. फाईल नेहमी अपाची संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. तिच्यासोबत एक लांबलचक पडताळा-क्रमांक दिलेला असतो. तो आपण उतरविलेल्या फाइलीच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. वाण्याकडून सामान घेताना आपण वजन पाहतो, तसेच हे.

तिसरी पायरी उघडण्याची. ही गठ्ठा केलेली फाईल मोकळी करून एखाद्या सुटसुटीत फोल्डरमध्ये ठेवावी. मार्गात मोकळ्या जागा नसाव्यात. नंतर आतील ‘बिन’ फोल्डरमधील ‘स्टार्टअप’ ही फाईल चालवावी. विंडोजसाठी एक व लिनक्ससाठी दुसरी, अशा दोन्ही तेथे असतात. क्षणभराने ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह आणि ८०८० हा अंक लिहावा. टॉमकॅटचे स्वागताचे पान दिसले की पडवी तयार झाली असे समजावे. काम संपले की त्याच फोल्डरमधील ‘शटडाउन’ चालवून सर्व्हर रीतसर बंद करावा.

मांडणी

८०८० हा अंक म्हणजे पोर्ट, अर्थात घराच्या अनेक दारांपैकी एक दार. पत्ता घराचा, आणि पोर्ट दाराचा. त्या दारात आधीच दुसरा एखादा कार्यक्रम उभा असेल तर टॉमकॅट आत येऊ शकत नाही आणि पत्ता वापरात असल्याची तक्रार नोंदवितो. अशा वेळी ‘कॉन्फ’ फोल्डरमधील ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ ही फाईल उघडावी, ‘कनेक्टर’ या शब्दाने सुरू होणारी नोंद शोधावी, आणि ८०८० च्या जागी ८०८१ लिहून सर्व्हर पुन्हा सुरू करावा. मात्र हात लावण्यापूर्वी त्या फाइलीची एक प्रत बाजूला ठेवावी. या फाइलीत एक कंस जरी उघडा राहिला तरी सर्व्हर सुरू होत नाही.

उरलेले फोल्डर थोडक्यात सांगतो. ‘वेबॲप्स’ मध्ये आपली कामे ठेवावयाची. तेथे प्रत्येक कामाचा एक फोल्डर, आणि त्या फोल्डरचे नाव हेच पत्त्यातील पुढचे नाव. प्रत्येक कामात ‘वेब-इन्फ’ नावाचा एक आतला फोल्डर असतो. तयार झालेले जावा वर्ग व जोडग्रंथालये त्यात राहतात, आणि बाहेरच्या वाचकास ब्राउझरमधून त्यात थेट डोकावता येत नाही. ‘लॉग्ज’ मध्ये दिनांकवार रोजनिशी असते. काही बिघडले तर अंदाज बांधीत बसण्याऐवजी ही रोजनिशी उघडावी. पानावर ४०४ दिसले तर पान सापडले नाही. ५०० दिसले तर पान सापडले, पण कार्यक्रम मध्येच अडखळला. तो कोणत्या ओळीवर अडखळला हे रोजनिशीत लिहिलेले असते. मुलांना ती वाचावयास शिकविणे म्हणजे अर्धा विषय शिकविणे होय.

जुने पुस्तक घेऊन शिकणाऱ्यांस येथे एक सूचना देतो. जावाच्या या शाखेचा कारभार २०१७ साली ओरॅकलने एक्लिप्स संस्थेकडे सोपविण्याचे ठरविले आणि पुढे तिचे नाव ‘जकार्ता’ झाले. परिणामी कार्यक्रमांत पूर्वी जेथे ‘जावाएक्स’ लिहीत, तेथे टॉमकॅट १० पासून ‘जकार्ता’ लिहावे लागते. जुन्या पुस्तकातील उदाहरण नव्या सर्व्हरवर चालेना, तर विद्यार्थ्याने स्वतःस दोष देऊ नये. बहुधा हा केवळ नावाचा बदल असतो. जुने पुस्तकच हाताशी असेल तर टॉमकॅट ९ घ्यावा.

आपल्या लिपीची परीक्षा

आता त्या प्रश्नचिन्हांकडे येतो, कारण मला आज जे सांगावयाचे आहे त्याचे मर्म येथे आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही आपल्या राज्याची राजभाषा ठरली आणि शासकीय कामात मराठीच्या वापरासही त्या कायद्याने स्थान दिले. दोन्ही भाषांची लिपी एकच, त्यामुळे हा प्रश्न दोघींचाही आहे.

संगणक अक्षरे अंकांच्या रूपात साठवितो. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे, आणि ‘यूटीएफ-८’ या लेखनपद्धतीत रोमन अक्षरास एक बाइट, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘रमा’ या नावात र, म आणि काना अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. आता सर्व्हरने जर ते युरोपीय भाषांच्या जुन्या पद्धतीने वाचले, तर तो प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजतो आणि रमाबाईंच्या नावाची नऊ परकी अक्षरे होतात. पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुनःपुन्हा दिसू लागला की समजावे, देवनागरी चुकीच्या पद्धतीने वाचली जात आहे. ही चूक पुष्कळदा निस्तरता येते, कारण मूळ बाइट शाबूत असतात. परंतु ज्या साठ्यात देवनागरीस जागाच नाही तेथे ते नाव लिहू गेल्यास प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते, आणि मूळ नाव कायमचे नष्ट होते. त्या यादीचे नेमके हेच झाले होते. म्हणून अर्जदारांना पुन्हा बोलवावे लागले.

यावर उपाय कठीण नाही; मात्र साखळीची प्रत्येक कडी तपासावी लागते. पानाची फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. पान जेएसपी प्रकारचे असेल तर पहिल्याच ओळीत तसे घोषित करावे. अर्जातून आलेला मजकूर सर्व्हरने त्याच पद्धतीने वाचावा. टॉमकॅट १० पासून मांडणीच्या फाइलीत ही व्यवस्था आधीच केलेली असते, टॉमकॅट ९ मध्ये ती आपण करावी लागते. माहितीसाठ्याची जोडणीही यूटीएफ-८ चीच हवी. शिवाय जावा १८ पूर्वी, म्हणजे २०२२ पूर्वी, जावाची मूळ लेखनपद्धती त्या त्या संगणकावर अवलंबून असे. त्यामुळे एकाच्या यंत्रावर बिनचूक चालणारा कार्यक्रम दुसऱ्याच्या विंडोज संगणकावर मराठी बिघडवी. जावा १८ पासून ती सर्वत्र यूटीएफ-८ झाली. जावा २१ घ्या, असा आग्रह मी धरला त्याचे हेही एक कारण.

आपल्या पडवीत करावयाचा एक छोटा प्रयोग सुचवितो. ‘वेबॲप्स’ मध्ये ‘नोंद’ अशा अर्थाचा, पण रोमन अक्षरांत नाव दिलेला, एक फोल्डर करावा. त्यात एक जेएसपी पान ठेवावे : नाव लिहिण्यास एक चौकट, एक बटन, आणि बटन दाबताच ते नाव व त्यातील चिन्हांची संख्या दाखविणाऱ्या दोन ओळी. ‘रमा’ लिहिल्यावर संख्या ३ आली तर सर्व ठीक; ९ आली तर कोठे तरी चूक आहे. संख्या का मोजावयाची? कारण कधी कधी वाचतानाची चूक आणि पाठवितानाची चूक एकमेकींना झाकतात. पडद्यावर नाव स्वच्छ दिसते, आणि आत मात्र नऊ अक्षरे भरलेली असतात. डोळ्यांनी पाहून जी चूक कळत नाही, ती मोजून कळते.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. काही साठ्यांत जागा बाइटांत मोजतात. ‘पुरुषोत्तम’ या नावात मात्रा व हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. तीस बाइटांची जागा ठेवणाऱ्याने मनात तीस अक्षरे धरलेली असतात. प्रत्यक्षात नाव संपताच जागा संपते, वडिलांच्या नावास व आडनावास थारा राहत नाही. तसेच ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर टंकित करण्याच्या दोन रीती आहेत. दोन्ही सारखीच दिसतात. पण संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत, म्हणून एका रीतीने नोंदलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधले तर सापडत नाही.

दारे बंद ठेवावीत

तालीम पडवीतच राहावी, रस्त्यावरून कोणीही येऊन रंगमंच ताब्यात घेऊ नये, याचीही काळजी हवी. मघाशी सांगितलेल्या ‘कनेक्टर’ च्या नोंदीत पत्ता म्हणून १२७.०.०.१ लिहिल्यास सर्व्हर केवळ त्याच संगणकाला उत्तर देतो. प्रयोगशाळेतील इतर संगणकांनाही पान दिसावयास हवे असेल तर ही अट सैल करता येते, पण ती फक्त शाळेच्या बंदिस्त जाळ्यातच. व्यवस्थापकाच्या पानासाठी टॉमकॅट स्वतःहून कोणालाही प्रवेश देत नाही. तो आपण नोंदवावा लागतो. तेथे पुस्तकातील नमुन्याचा परवलीचा शब्द उतरवून घालू नये. आणि आवृत्ती वेळोवेळी नवी करावी. २०२० च्या फेब्रुवारीत ‘घोस्टकॅट’ नावाची एक उणीव जाहीर झाली. टॉमकॅटचे ८००९ क्रमांकाचे एक दार वर्षानुवर्षे मूळ मांडणीतच उघडे असे, आणि त्यातून बाहेरच्या माणसास आतील फाइली वाचता येत. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ते दार मुळातच बंद ठेवण्यात आले. ज्यांनी आवृत्ती बदलली नाही त्यांचे दार मात्र उघडेच राहिले.

समारोप

मित्रहो, माझे निवेदन येथे संपत आले. शिक्षकांना माझी विनंती अशी की, प्रयोगशाळेतील एका संगणकावर ही पडवी उभारावी आणि मुलांना मनसोक्त चुका करू द्याव्यात. येथे चुकीने कोणाचे नुकसान होत नाही. फार तर फोल्डर पुसून गठ्ठा पुन्हा मोकळा करावा. अधिकारी मित्रांना विनंती अशी की, मराठी वा कोकणी अर्ज लोकांसाठी खुला करण्यापूर्वी कार्यक्रम करणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा : ‘आपल्या स्थानिक सर्व्हरवर किती नावे देवनागरीत घालून पाहिलीत?’ त्यांत ज्ञानेश्वर असावा, कृष्णा असावी, म्हाळसा असावी, आणि एक लांबलचक आडनावही असावे. या परीक्षेस पाऊण तास पुरतो. आणि ग्रामस्थांना सांगणे असे की, छापील यादीत आपले नाव नीट आले नसेल तर संकोच न बाळगता ते निदर्शनास आणावे. संगणकास मराठी समजत नाही, हे उत्तर आता मान्य करू नये. संगणकास मराठी समजते. ती त्याला समजली की नाही हे आधी पाहून घेण्याचे काम आम्हा माणसांचे आहे.

त्या वृद्ध बाईंचे नाव तिसऱ्या खेपेस यादीत बरोबर उमटले. कारकुनाने ते मोठ्याने वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी तो कागद हातात घेऊन, वाचता येत नसतानाही, बराच वेळ न्याहाळला. पहिल्याच खेपेस तो त्यांच्या हाती पडावयास हवा होता. 

जय हिंद.